सिसोचा पाय, माझा झगा

पैज लागली तेव्हा माझ्या अर्ध्या गालाला साबण होता आणि वस्तरा दोमेंगच्या हातात होता. त्यामुळे मी जरा जपूनच बोलत होतो.

"सिसोचा पाय कोर्टाच्या आत पडणार," दोमेंग म्हणाला. "फिएस्ताची स्पर्धा संपायच्या आत. बघच तू."

"नाही पडणार."

"बादोंग, त्याचा पाय बायकोचं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही. तुझं ऐकेल?"

"माझं कशाला ऐकेल? स्वतःचं ऐकेल. माणूस सुधारतो."

"तू सुधारलास?"

गेल्याच फिएस्ताला, म्हणजे वस्तीच्या जत्रेला, मी ह्याच सलूनच्या दारावर 'आज टक्कल फुकट' अशी पाटी लावली होती. वस्तीतले तीन म्हातारे सकाळी सहाला येऊन रांगेत बसले होते आणि टक्कल केल्याशिवाय उठायला तयार नव्हते. वस्तरा गळ्याशी असताना तो विषय नको म्हणून मी नुसता गाल पुढं केला.

मागं बिम्बो पाळीची वाट बघत बसला होता. बिम्बो म्हणजे आमचा बेकरीवाला आणि संघाचा कप्तान, आमच्या सान रोके वस्तीतला सगळ्यात रुंद खेळाडू. तो रिंगखाली नुसता उभा राहिला तरी समोरच्याला वळसा घालून जावं लागतं.

"पैसे नका लावू," बिम्बो म्हणाला. "पैसे काय, दोन दिवसांत विसरायला होतं. हरेल त्यानं सुंदरी व्हायचं."

दोमेंगनं वस्तरा खाली ठेवला, इतकं त्याला ते आवडलं.

आमच्याकडं बास्केटबॉलचा संघ नुसता कोर्टात उतरत नाही. पुढं सुंदरी लागते. झगा, उंच टाचेच्या सँडल, खांद्यावरून पट्टा, पट्ट्यावर वस्तीचं नाव. ती हात हलवत पुढं आणि मागं दहाबारा केसाळ पायांचे गडी. संघ शेवटचा आला तरी चालतं, सुंदरी पहिली यायला पाहिजे. विजेत्यांच्या मिरवणुकीत तर ती वाजंत्र्यांच्याही पुढं असते. आता त्या जागी दोमेंग डोळ्यापुढं आणा. त्याचे पाय बांबूसारखे. किंवा मला आणा. माझं वय अठ्ठेचाळीस, पोट आहे, मिशी आहे.

"झगा, सँडल, लिपस्टिक," दोमेंग म्हणाला.

"आणि मुलाखत," बिम्बो म्हणाला. "माइकवर. सगळ्यांसमोर."

"लागली," मी म्हटलं आणि मग दोमेंगनं उरलेला गाल इतक्या प्रेमानं केला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सिसो म्हणजे नार्सिसो कातिग्बाक. आमच्या वस्तीतून मनिलाच्या मोठ्या लीगमध्ये गेलेला एकच माणूस. शाळेत तो माझ्या पुढच्या बाकावर बसायचा आणि मला फळा दिसायचा नाही, एवढा उंच. लीगमध्ये मात्र तो उंचात बुटका निघाला. अकरा वर्षं खेळला, त्यातली बहुतेक बाकावर. बाकावरून उठायचा, दोन-चार मिनिटं खेळायचा, लांबून पटापट बास्केट टाकायचा आणि परत टॉवेल घेऊन बसायचा. पेपरवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं 'ग्रिपो', म्हणजे नळ. सोडला की धार, नको तेव्हा बंद.

त्याच्या शेवटच्या वर्षी त्याचा संघ अंतिम सामन्यात गेला. सगळी वस्ती दोमेंगच्या सलूनमधल्या टीव्हीपुढं. शेवटचं मिनिट, एका गुणानं मागं. आम्ही ओरडतोय, "ग्रिपो सोड! अरे, नळ सोड!" कोच काही सोडेना. कॅमेऱ्यानं एकदा सिसोचा चेहरा दाखवला, बाकाच्या अगदी टोकाला, टॉवेल मुठीत पिळलेला. सामना गेला, एका गुणानंच. सिसोच्या अंगाला घामसुद्धा आला नव्हता.

मग तो कोच झाला. आधी कोणाच्या तरी हाताखाली, मग एका लहानशा प्रांतिक संघाचा मुख्य. चांगला कोच होता, मी मैत्रीखातर सांगत नाही. पोरांना नीट शिकवायचा, आरडाओरडा नाही, आईबहीण नाही. पण एकदा काय झालं, थेट प्रक्षेपण चालू आहे, समोरच्या संघानं पास टाकला, बॉल रेषेच्या कडेकडेनं सिसोच्या पुढ्यातून चालला, आणि हा कोट-टाय घातलेला माणूस दोन पावलं आत गेला आणि त्यानं तो पास पकडला. झकास पकडला! मग हातातल्या बॉलकडं बघत उभा राहिला. पंच त्याच्याकडं बघतोय, तो पंचाकडं.

ते दृश्य सगळ्या देशानं फोनवर बघितलं. बारक्या पोरांनी त्याचा खेळच केला. एक जण कोच व्हायचा, एक जण पंच. सिसोची नोकरी गेली, आणि तो सान रोकेला परत आला. बायको लिगाया लग्नाचे आणि मिरवणुकीचे झगे शिवून भाड्यानं द्यायची, त्यावर घर चालायचं. हा आमच्या पोरांना शिकवायला लागला. कोच म्हणून त्याला काय मिळायचं, तर माझ्या दुकानातली भाजलेली कोंबडी. माझा धंदा तोच. फक्त फिएस्ताच्या दिवसांत माझ्या हातात माइक असतो आणि सगळ्या सामन्यांची बडबड मी करतो.

तर ह्या वर्षी, स्पर्धेच्या थोडं आधी, लिपा शहरातल्या एका कॉलेजातून विलाफ्लोर सर आले. पांढरे केस, जाड चष्मा, आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागायचं. त्यांना कॉलेजच्या संघाला कोच हवा होता. सिसोच्या अंगणात आम्ही तिघं लोमी, म्हणजे जाड शेवयांचं सूप, खात बसलो होतो. लिगाया गरम वाडगे आणून ठेवत होती आणि ठेवायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तिथं थांबत होती.

"तुमचं काम मला माहीत आहे," सर म्हणाले. "आमच्या लोकांना मात्र ते दृश्यच माहीत आहे."

सिसोनं वाडग्यात बघितलं.

"म्हणून मी अंतिम सामन्याला येतो. तुम्ही पोचलात तर. जिंकलात का हरलात त्याच्याशी मला देणंघेणं नाही. तुम्ही काय करता ते मला बघायचं नाहीये, कोच. काय करत नाही ते बघायचंय."

"बसून राहीन मी, सर," सिसो म्हणाला.

"सर, खुर्चीला बांधून ठेवू आम्ही," मी म्हटलं. सर हसले. सिसो हसला नाही. त्यानं तसं कबूल केलं ना, तेव्हा त्याच्या आवाजात काहीतरी होतं. शाळेतल्या पोरानं मास्तरला सांगावं तसं. ह्या माणसाला ती नोकरी किती हवी आहे ते मला तेव्हा कळलं. पैज मी त्याच्या आधीच लावून बसलो होतो, पण आता ती नुसती पैज राहिली नाही.

स्पर्धा सुरू झाली. यादीत बारा नावं लागतात, आमचे अकराच होते. मग बारावं नाव कोणाचं? सिसोचं. असं सगळ्याच वस्त्या करतात, कोच नाहीतर कोचचा मेव्हणा घालून टाकतात. दोमेंगला ते कळल्यावर तो आनंदानं माझ्या दुकानात नाचून गेला.

पण सिसो बसला! एकामागून एक सामना, पायात रबरी चपला, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. उपांत्य सामन्याला तर कोर्टाच्या कोपऱ्यात वस्तीतल्या एका म्हातारबाची शवपेटी दर्शनाला ठेवली होती, कारण छप्पर असलेली मोठी जागा आमच्याकडं तेवढीच. मी माइकवर म्हटलं, "आज कोर्टावर दोनच माणसं हलत नाहीत, एक ते आणि दुसरा आमचा कोच." म्हातारबाची बायको पण हसली. दोमेंग प्रत्येक सामन्याला सिसोच्या बरोबर समोर खुर्ची टाकून बसायचा आणि खेळ सोडून त्याच्या चपलांकडं बघायचा. हळूहळू निम्मी वस्ती चपलांकडं बघायला लागली. सिसोला वाटायचं, त्याच्या डावपेचांकडं बघताहेत.

आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर इबाबा वस्ती. त्यांनी मनिलाहून एक भाड्याचा उंच गडी आणला होता, असला की रिंगला हात लावायला त्याला उडी मारायची गरजच नव्हती.

आता नशिबावर सगळं सोडणारा मी नाही. सामन्याच्या दिवशी सकाळी सिसोच्या घरी गेलो. तो अंघोळीला गेला होता. दाराशी त्याचे बूट होते, ते कोंबडीच्या टोपलीत घातले आणि दुकानात नेऊन बर्फाच्या पेटीत ठेवले. चपला घालून कोणी कोर्टात उतरत नाही, पंच उतरूच देत नाही. मी स्वतःवर एकदम खूश होतो.

दुपारी सिसो आला तो लिगायानं इस्त्री केलेला निळा शर्ट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. एवढ्या उकाड्यात. विलाफ्लोर सर माझ्या टेबलाशेजारीच बसले, गुडघ्यावर टोपी ठेवून.

सामन्याचं काय सांगू? आमची तिघं कोळी पोरं आलीच नव्हती, समुद्रात मासा लागला होता आणि मासा फिएस्तासाठी थांबत नाही. आलेल्यांतले काही पाच फाउल होऊन बाहेर गेले. शेवटी शेवटी पाचच उरले, आणि मग तो मनिलावाला उतरताना बिम्बोच्या पायावर आला. बिम्बोचा घोटा पावासारखा फुगला. त्याला चौघांनी उचलून बाकावर आणला, बूट काढले, बर्फ लावला.

कोर्टावर चौघं. सगळ्यांनी सिसोकडं बघितलं.

सिसो उठला नाही. त्यानं चौघांना जवळ बोलावलं, खिशातून बाटल्यांची बुचं काढली आणि जमिनीवर मांडली. "हे तुम्ही. हा तो लांबुडका. तो आर्नेलकडं बघतच नाही, बघितलं का? कोणीच बघत नाही. मग बॉल कुठं जाणार?"

आर्नेल म्हणजे ट्रायसिकल-रिक्षा चालवणारा, बावीस-तेवीस वर्षांचा, काडीसारखा. बॉल हातात आला की घाबरून दुसऱ्याला देऊन टाकायचा. सिसोनं त्याच्यावर वर्षभर मेहनत घेतली होती. "माझ्याकडं?" आर्नेल म्हणाला.

"तुझ्याकडं. डाव्या हाताला, रिंगखाली. हुकला तर हुकला. परत तुझ्याकडंच येणार."

आणि खरंच आला. चौघांनी मिळून इबाबाला जे काय फिरवलं! आर्नेलनं एक हुकवला, मग एक टाकला, मग अजून एक. मी माइकवर बेभान झालो होतो. सिसो मांडीखाली हात दाबून बसलेला. शेजारी विलाफ्लोर सर पुढं वाकले होते आणि त्यांच्या ओठांवर बारीकसं हसू होतं. सरांचं ठरलं होतं, मी शपथेवर सांगतो. तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

मग मनिलावाल्यानं एक टाकला. आम्ही एका गुणानं मागं, थोडे सेकंद शिल्लक, बॉल आमचा. सिसोनं टाइमआउट घेतला.

आणि दोमेंग खुर्चीवर उभा राहिला. "ग्रि-पो!" तो ओरडला. "ग्रि-पो! ग्रि-पो!"

आधी तो एकटाच. मग त्याच्या मागचे. मग शवपेटीवाल्या म्हातारबाची नातवंडं, मग सगळं छप्पर. "नळ सोड! नळ सोड!" माझ्या हातात माइक होता, आणि मी तो बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा. वस्तीनं नंतर मला विचारलं की माइक बिघडला होता का.

सिसोनं बुचं मांडली. आर्नेलचं बूच रिंगखाली ठेवलं. मग त्याचा हात तिथंच थांबला. त्यानं खाली आपल्या चपलांकडं बघितलं. मी मनात म्हटलं, बघ, बघ, बूट बर्फात आहेत तुझे. त्यानं मान वळवली. शेजारी बिम्बो पाय वर करून बसला होता आणि बाकाखाली बिम्बोचे बूट पडले होते, होडीएवढे दोन.

"कोच, नको," बिम्बो म्हणाला. बिम्बोनंच सांगितलं मला हे.

सिसोनं चपला काढल्या. बूट घातले. नाड्या घोट्याभोवती दोन-दोनदा गुंडाळल्या. मग उभा राहिला आणि त्या निळ्या शर्टाची बटणं काढायला लागला, वरून खाली. आत आमच्या संघाची जर्सी होती.

दोमेंगचं ओरडणं तिथं थांबलं. बाकीच्यांचं वाढलं. मी सरांकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. ते चष्मा काढून पुसत होते.

बॉल सिसोकडं आला. त्या होड्यांमध्ये त्याचे पाय फटफट वाजत होते. मनिलावाला आणि अजून एक, दोघं त्याच्यावर धावले. आणि रिंगखाली, डाव्या हाताला, आर्नेल एकटा. आसपास चिटपाखरू नाही. दोन्ही हात वर. "कोच! कोच!"

सिसोनं त्याच्याकडं बघितलं. लोक म्हणतात दिसला नसेल. मी टेबलावर होतो, समोर. त्यानं बघितलं.

आणि मग उडी मारून स्वतःच टाकला.

गेला. रिंगला शिवलाही नाही, सरळ जाळीत. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण टेबल उलटलं आणि मी त्याखाली होतो. बाहेर आलो तेव्हा सिसो लोकांच्या खांद्यावर होता, एक बूट गळून पडलेला. आर्नेल अजून तिथंच होता, हात वरच. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं त्याच हातांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

गर्दी जरा विरळ झाल्यावर सर सिसोपाशी गेले. मी तिथंच माइकची वायर गुंडाळत होतो. खरं तर ती गुंडाळून झाली होती.

"शॉट सुंदर होता," सर म्हणाले.

"थँक्यू, सर."

"डावीकडचा पोरगा मोकळा होता."

सिसो एका पायावर उभा होता. "दिसला होता मला."

"ते मला कळलं," सर म्हणाले. "दिसला नसता तर मी विचार केला असता." मग त्यांनी टोपी घातली, सिसोचा हात हातात घेतला, जरा वेळ धरला आणि जीपनीच्या थांब्याकडं चालत गेले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, सिसोला काहीतरी म्हणता आलं असतं.

बक्षीस म्हणून मिळालेलं डुक्कर त्याच संध्याकाळी भाजायला घेतलं. सगळी वस्ती निखाऱ्याभोवती. सिसो पाण्याच्या टाकीजवळ बसला होता, उडीत दुखावलेल्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी. बर्फ मीच नेऊन दिला होता, बुटांसकट. बुटांबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही.

आर्नेल ताट घेऊन आला. "कोच, कुरकुरीत कातडी आणलीय. खास."

"ठेव."

आर्नेल गेला नाही. "बरं झालं कोच, तुम्हीच टाकलात. मी हुकवला असता."

सिसोनं वर बघितलं. "हुकवला असतास, मग?"

"हरलो असतो ना."

"हरलो असतो. आणि पुढच्या वर्षी तू परत तिथंच उभा राहिला असतास, हात वर करून." त्यानं गुडघ्यावरची पिशवी सरकवली. "आता राहशील?"

आर्नेल हसला, काहीतरी बोलायचं म्हणून "म्हणजे काय, कोच," म्हणाला आणि निखाऱ्याकडं गेला. सिसोनं ते ताट माझ्या हातात दिलं. मी खाल्लं. चांगली झाली होती कातडी, काय करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोमेंग दुकानात आला. उभा राहिला. माश्या हाकलल्या. कोंबडी फिरत होती ती बघितली.

"लिपाची नोकरी होती म्हणे," तो म्हणाला.

"होती."

"मला कोणी सांगितलं का? मी आपला पैजेसाठी ओरडलो. मला काय ठाऊक तो टोपीवाला कोण ते!"

"तू नसता ओरडलास तरी जर्सी आत होतीच, दोमेंग."

"तरी पण." त्यानं परत माश्या हाकलल्या. माशी एकही नव्हती. "पैज सोडून दे, बादोंग. मी काही मागायला येत नाही."

"वा रे वा. म्हणजे सगळ्या वस्तीला कळेल का सोडली ते. मग बायका डबे घेऊन सिसोच्या घरी जाणार, 'वाईट झालं हो कोच' करत. तुला चालेल तुझ्याकडं कोणी असं आलेलं?"

दोमेंगनं परत फिरणारी कोंबडी बघितली.

"मी हरलोय," मी म्हटलं. "झगा मी घालणार. तू मुलाखतीचं बघ. आणि सोपे प्रश्न विचारलेस तर बघ."

झग्यासाठी लिगायाकडंच जावं लागलं, दुसऱ्या कोणाकडं माझ्या मापाचा कुठला असायला! तिनं एक जांभळा काढला, मे महिन्यातल्या मिरवणुकीचा, शेपटीवाला. मला स्टुलावर उभा केला आणि तोंडात टाचण्या धरून मागची शिवण उसवायला लागली.

"श्वास आत घे, बादोंग."

"आतच आहे, वहिनी."

"मग हे सगळं काय आहे?" तिनं माझ्या पोटावर चापट मारली. मग जरा वेळानं, टाचण्या काढून, "तू त्याच्या बाजूनं लावली होतीस? पाय पडणार नाही म्हणून?"

"हो."

"चला. माझ्याशिवाय दुसरंही कोणी मूर्ख आहे म्हणायचं." दोरा दातानं तोडला. "सकाळी शर्ट घालताना जर्सी दिसली होती मला. बोलले नाही. वाटलं, आत आहे तर राहू दे आत. माणसाला काहीतरी आत लागतंच." तिनं एक टाचणी टोचली, ती मला लागली, मी ओरडलो नाही. "अकरा वर्षं बाकावर बसवला त्याला लोकांनी. बसणं म्हणजे शिक्षा असंच त्याच्या डोक्यात बसलंय. आणि आता त्याला बसायची नोकरी मिळत होती, तर..." तिनं मला वळवलं. "सरळ उभा राहा. पुढून बरा दिसतोस. मागून बघायचं नाही कोणी."

रविवारी चर्चमधली मिस्सा संपली आणि वाजंत्री सुरू झाली. लिगायाच्या पुतणीनं मला लिपस्टिक लावली, मिशीला पण थोडी लागली. पट्ट्यावर 'सान रोके'. मी चर्चच्या दारातून हात हलवत निघालो, कोपरातून, राजघराण्यातल्यासारखा. म्हाताऱ्या बायका भिंतीला टेकून हसत होत्या. इबाबाची पोरं मुद्दाम बघायला आली होती. कुत्री भुंकत कोर्टापर्यंत मागं आली. उंच टाचांवर बायका कशा चालतात ते त्यांनाच ठाऊक, मला पहिल्या वळणावरच देव दिसला.

कोर्टात माइक दोमेंगच्या हातात. मनापासून बदला घ्यायचा मोका, आणि त्यानं तो सोडला नाही.

"सान रोकेची सुंदरी! उंची, कमी! रुंदी, विचारू नका! आवड, दुसऱ्याच्या दारावर पाट्या लावणे!" छप्पर उडायचं बाकी होतं. "सुंदरी, सांगा, खरं सौंदर्य कशात असतं?"

"कातडीत," मी म्हटलं. "कुरकुरीत हवी. माझ्या दुकानात मिळते, बाजाराच्या कोपऱ्यावर."

"जगातल्या सगळ्या न्हाव्यांना काय संदेश द्याल?"

"शेजाऱ्याची अर्धी दाढी करून पैज लावू नका."

मग विजेत्याच्या सुंदरीची फेरी. तिला हात द्यायला कप्तान लागतो, आणि कप्तान बिम्बो घोट्याला पट्टा बांधून खुर्चीत. "कोच!" कोणीतरी ओरडलं. मग सगळेच, "कोच! कोच!"

मला वाटलं तो आलाच नसेल. तो मागच्या खांबाला टेकून उभा होता. गुडघ्याला फडकं बांधलेलं, अंगात तोच निळा शर्ट, ह्या वेळी बटणं उघडी आणि आत साधा बनियन. तो लंगडत आला आणि त्यानं कोपर पुढं केलं. मी हात घातला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

आम्ही निघालो. "हळू चाल," तो ओठ न हलवता म्हणाला. "गुडघा वाकत नाही."

"माझं तरी काय वाकतंय? सँडल चावतेय."

थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "माझ्या बाजूनं लावली होतीस म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"झगे शिवते तिनं."

"हो मग."

"गाढव आहेस."

"हात हलव," मी म्हटलं. "लोक बघताहेत."

त्यानं हात हलवला. आर्नेल समोरच्या रांगेत होता, त्यानंही हलवला. सिसोनं त्याच्याकडं बघितलं, मग दुसरीकडं.

"सरांना फोन लावला सकाळी," तो म्हणाला.

"काय म्हणाले?"

"उचलला नाही."

मी त्याचं कोपर जरा घट्ट धरलं, त्याला वाटलं मी पडतोय, म्हणून त्यानंही माझं धरलं.

फेरी पूर्ण झाली. तिकडं दोमेंगनं माइक तोंडाशी नेला, आमच्याकडं बघितलं आणि तो परत खाली घेतला. लोक थांबेनात. "अजून एक! अजून एक!"

"बस झालं का रे?" मी सिसोला विचारलं. "जाऊन बस तू. मी एकटा मारतो."

"बसून काय करू?" तो म्हणाला.

वाजंत्र्यांनी परत सुरुवात केली. आम्ही दुसऱ्या फेरीला वळलो, तो एक पाय ओढत आणि मी दोन्ही.